शनिवारच्या रकान्यातले चिंचोके

रोह्याच्या नाक्यावर एलिजा रोहेकराचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे आणि पाण्याचं एक घमेलं. त्याचे आजे-पणजे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. ते घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. घाणा गेला, शनिवार राहिला.

अठ्ठ्याण्णव साली गॅसवर चालणाऱ्या गाड्यांसाठी एक पंप काढायचं ठरत होतं. रोह्याला, की पेणजवळ वडखळला? आठवडाभर दोन्हीकडच्या गाड्या मोजायच्या, जिकडे जास्त तिकडे पंप. रोह्याचं मोजणं गॅस कंपनीच्या साहेबानं एलिजाकडे दिलं.

त्याच दिवशी जेवताना मुलगा डॅनियल म्हणाला, "पंप इथं झाला तर मी त्यावर लागतो, बाबा. नायतर मामाकडं इस्रायलला."

एलिजानं ताट सारलं आणि साहेबानं दिलेला सात रकान्यांचा कागद उघडला.

सोमवारपासून तो रोज तीनशेच्या आसपास गाड्या लिहीत होता. शुक्रवारी उन्हं कलली आणि इतके दिवस न पाहिल्यासारखा केलेला शनिवारचा रकाना समोर आला. शुक्रवारचा सूर्य बुडाला की शनिवारी तारे दिसेपर्यंत काम नाही, लिहायचंही नाही. दुसऱ्याकडून मोजून घेतलेलं चालतं का, हे विचारायला रोह्यात आता त्यांच्यातलं जुनं कोणी उरलं नव्हतं.

शेजारी मीठ विकणारी हौसा म्हणाली, "मी मोजते, भाऊ. मिठाच्या गोणी मोजण्यात जन्म गेला. गाड्या काय पळून जातायत?"

"पळूनच जातात गो."

हौसाला लिहिता येत नव्हतं. एका गाडीला एक चिंचोका, असं तिनं मडकं भरलं. शनिवारी दिवस बुडून तारे दिसले, तसं एलिजानं ते ओतलं. सातशे बारा.

"येवढ्या कशा गो?"

"चाक दिसलं की टाकला."

"बैलगाडी?"

"चाक हाय ना तिला. सायकलीला हाय, हातगाडीला हाय."

त्यानं चिंचोके बोटांनी पसरले. ट्रकचा कुठला आणि बैलगाडीचा कुठला? सगळे सारखेच तपकिरी, गुळगुळीत. सातशे लिहावेत तर खोटं, तीनशे लिहावेत तर तेही अंदाजाचं.

सोमवारी साहेब आला तेव्हा रकान्यात लिहिलेलं होतं, 'सातशे बारा, बैलगाड्या-सायकली धरून. हौसानं मोजल्या.' साहेब हसला, ते खोडलं आणि तिथं शून्य मांडलं. दोन महिन्यांनी कळलं, पंप वडखळला.

डॅनियल बॅग भरत होता. "तीनशे लिहिलं असतं तर जमलं असतं, बाबा."

"व्हय, जमलं असतं." एलिजानं एक शर्ट घडी करून त्याच्या हातात दिला. मग म्हणाला, "तिकडं तरी शनिवार पाळतात ना रे?"

"सगळे नाय पाळत."

एलिजानं मडकं उचललं आणि हौसाला परत द्यायला निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. मडकं हातात होतं, पण कशाला निघालो, हेच त्याला आठवेना.