कोंडलेली बाहुली

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या कस्तुराबाईला वस्तू जपण्याचा भारी सोस. दसऱ्याला घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची इथली रीत तिने मनापासून उचलली होती. वरच्या पायरीवर लग्नात माहेरून आलेली लाकडी राजाराणीची जोडी, खाली बाकीचा लवाजमा. दसरा सरला की सगळं फडक्यांत गुंडाळून परत पेटीत.

बावन्न साली तिची लेक शालन सात वर्षांची होती. चिकपेटेच्या बाजारात फण्या विकणाऱ्या विठोजीकडे शालनने सेल्युलॉइडची एक गोबऱ्या गालांची बाहुली पाहिली आणि तिथंच फतकल मारली. कस्तुराबाईने ती घेतली. सोबत आलेल्या शेजारच्या तुंगाबाईनेही आपल्या मुलीला तसलीच घेतली.

बाहुली देताना विठोजी म्हणाला, "अक्का, ही डब्यात कोंडू नका. स्वल्प हवा लागू दे. आणि चुलीपासून लांब ठेवा. माझ्या फण्याही ह्याच सेल्युलॉइडच्या, बंद राहिल्या की चिकटतात, आंबूस वास मारतात."

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणत कस्तुराबाई निघाली. ऐकलं तिने सगळं, पण मनावर घेतलं नाही.

शालनच्या हातात ती बाहुली राहिली फक्त घरी पोचेपर्यंत. पुढे दसऱ्याला बाहुली पायरीवर बसायची आणि शालन तिच्यासमोर.

"आई, हिला एकदा न्हाऊ घालू?"

"मळेल ती. पुढच्या वर्षी बघू."

तिसऱ्या दसऱ्याला कुणा पाहुण्याच्या पोराने बाहुलीचा गाल दाबला, तेव्हा कस्तुराबाईने तिला मांडणंच बंद केलं. शालनच्या बारशाच्या अंगड्यात गुंडाळून तिने ती पत्र्याच्या डब्यात घातली, झाकणाच्या फटीला मेण लावलं आणि डबा न्हाणीच्या चुलीवरच्या फळीवर ठेवला. तिथं ओल नव्हती ना! बाईने बाहुलीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. लेकीचं मन मात्र तिला जपता आलं नाही.

पासष्ट साली शालन पहिल्या बाळंतपणाला आली. तिला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी कस्तुराबाईने हौसेने डबा उतरवला. आता देऊन टाकू, नातीला आणि लेकीलाही.

मेण खरवडून झाकण उघडलं तर नाकाला झोंबणारा आंबट वास आला. बाहुली पिवळी, चिकट झाली होती, चेहऱ्याला तडे गेले होते. कस्तुराबाईने उचलायला हात लावला तर बाहुलीच्या दंडाचा भुगा झाला. अंगडं तपकिरी पडून जागोजागी विरलं होतं.

तुंगाबाईच्या मुलीची बाहुली अजून होती. न्हाऊन न्हाऊन रंग गेलेली, एक हात दोऱ्याने बांधलेली, मागच्या गार खोलीत उघड्या वेताच्या टोपलीत बसलेली. कस्तुराबाईने ती रोज पाहिली होती आणि रोज नाक मुरडलं होतं.

शालनने डब्यात डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला तिला एकदाच न्हाऊ घालायचं होतं, आई."



त्या वर्षीच्या दसऱ्याला तिने राजाराणीच्या खालची एक जागा मोकळी सोडली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायच्या, इथं काय होतं?

"शालनची बाहुली," ती सांगायची. "मी जपून ठेवली."