अंगठा धरून उभी राहिलेली बाई

म्हातारपणातल्या स्मरणशक्तीवर संशोधन चाललंय, त्यासाठी मेंदूचा एमआरआय काढून घ्यायला मी इंदिरानगरला गेलो होतो. माझी निवड 'निरोगी वृद्ध' म्हणून झाली होती आणि ते आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगूनही झालं होतं. समोरच्या बाकावर चांदवडकडची एक बाई विस्मरणाचा आजार झालेल्या नवऱ्याला घेऊन बसली होती.

संशोधक डॉक्टरांनी त्याला आजची तारीख विचारली. तो नुसता हसला.

बाई म्हणाली, "तारीख मलाबी नाय ठाव. माझाबी फोटो काढता का?"

मशीनच्या आवाजाला घाबरून तो दोनदा उठून बाहेर आला. डॉक्टरांनी त्याला न हलण्याचं महत्त्व अतिशय शुद्ध मराठीत समजावलं. व्हायचा तेवढाच उपयोग झाला. शेवटी, आत धातू चालत नाही म्हणून, बाईने मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी काढली, ओळखपाळख नसताना माझ्या हातात ठेवली आणि आत जाऊन नवऱ्याच्या पायाचा अंगठा धरून उभी राहिली. मग तो मुळीच हलला नाही.

डॉक्टर खुशीत बाहेर आले. "मावशी, मेंदूचा कोपरा न् कोपरा स्पष्ट दिसतोय."

"त्यात मी कुठं हाय?"

डॉक्टरांनी फाइल उघडली, पुन्हा मिटली. "रिपोर्टला वेळ लागेल," म्हणाले. माझ्या निरोगी मेंदूला तेवढ्यात तिचे दागिने परत द्यायचं आठवलं.

"सावकाश बघा," जोडवी चढवत ती म्हणाली. "मी सापडले तर यांनाबी दाखवा."