भोंगा आणि सव्वीस आकडे

बोटी दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला भोंगा म्हणत. हे नाव ठेवलं मुकादमाने, आणि नावं ठेवण्यात त्या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

भोंगा मूळचा क्रेनवाला. अठरा वर्षं वरच्या केबिनमध्ये बसून त्याने अख्ख्या बोटी अलगद उचलल्या. पन्नाशी गाठली आणि दिवसाउजेडी पेंगायला लागला. एकदा तर वजन हवेत लटकत ठेवून चक्क झोपला. क्रेनवरून उतरवून त्याला गंज खरवडायला लावलं, ते रास्तच होतं. चूक त्याचीच होती, तो नाही म्हणत नव्हता.

पण जेवणाच्या सुट्टीत बाकावर आडवा झालेल्या माणसाचं घोरणं मुकादमाने फोनवर टिपलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी संपल्याच्या भोंग्याऐवजी लाउडस्पीकरवर वाजवलं! दीडशे माणसं पोट धरधरून हसली. तिथेच कामाला असलेला सख्खा मेहुणासुद्धा हसला, वर ते आपल्या बहिणीला, म्हणजे भोंग्याच्याच बायकोला, पाठवूनही मोकळा झाला.

बायको मात्र हसली नाही. तिने ते तीनदा ऐकलं.

"अहो, मध्येच आवाज बंद पडतो तो ऐकलात का? इतकी वर्षं मला वाटायचं, चला, थांबलं एकदाचं घोरणं. घोरणं कुठलं, श्वास थांबतोय तुमचा!"

तिने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी झाली.

"झोपेत तुमचा घसा मिटतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तातला प्राणवायू उतरतो, मग धाप लागून एकदम चढतो. तासाला चाळीस वेळा! या चढउतारात शरीरात घातक कण वाढतात आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर कुरतडतात. रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, त्यामागे हेही असणार. पुढे हृदय आहे, मेंदू आहे."

"म्हणजे गंज," तो म्हणाला. "बोटीचा कायम पाण्यात बुडालेला भाग टिकतो, बाई. पाण्याच्या रेषेवरचा पट्टा, ओला-कोरडा, ओला-कोरडा होणारा, तो आधी सडतो."

झोपताना नाकावर हवेच्या यंत्राचा मास्क लागला. तीन महिन्यांत डोकं हलकं झालं, पेंग गेली, रक्तदाबही जरा वठणीवर आला. क्रेन चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंचं पत्र घेऊन तो मुकादमापुढे उभा राहिला.

"भोंग्याला वर बसवू? गावभर ऐकू जाईल!" मुकादमाने पत्र भिरकावलं.

भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्र उचलताना त्याने मनाशी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

संधी आठवड्याभरात आली. जेवणानंतर मुकादम खुर्चीतच लुडकला होता. तोंड उघडं, घोरणं जोरात. आणि मग काहीच नाही. भोंगा खिडकीशी थबकला आणि त्याने फोन काढला.

"मुकादमाचाही श्वास थांबतो. पण सांगणार नाही मी त्याला," घरी तो बायकोला म्हणाला. "गंजू दे मेल्याला!"

"गंजू दे काय? तो मेला तर सूड कुणावर उगवाल?" बायको म्हणाली.

हे त्याला पटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी संपताना लाउडस्पीकर घोरायला लागला. आवाज कुणाचा ते एका क्षणात कळलं आणि हशा पिकला. मुकादम लालबुंद होऊन धावत आला. इतक्यात घोरणं तुटलं, आणि माइकवर भोंगा मोजू लागला. एक. दोन. तीन. दहापर्यंत लोक हसत होते. पंधराला मेहुण्याचं हसू विरलं. विसाला कुणाचाच आवाज नव्हता. सव्वीसला बुडता माणूस वर यावा तशी धाप ऐकू आली, आणि मुकादम पांढराफटक पडला.

भोंग्याने दवाखान्याचा पत्ता आणि आपलं पत्र, दोन्ही त्याच्या पुढ्यात धरलं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तुम्ही मरायचं नाही, मुकादम. तिथे जा, आणि इथे सही करा. मला वर बसलेलं रोज मान वर करून बघायला तुम्ही जिवंत हवेत."

मुकादमाने खिसे चाचपले आणि पेन मागितलं. दीडशे माणसांत एकानेही दिलं नाही. शेवटी भोंग्यानेच आपल्या खिशातलं काढून दिलं.