ठमीवरचा आळ

दत्ताराम गेल्याचा निरोप नाक्यावरच्या पीसीओवाल्याने आणला. "नाना, रोह्यावरनं फोन होता. तुमचा आखणीवाला गेला." मी शाडू मळत होतो. हात धुवायचं सोडून आणखी अर्धा तास मळतच राहिलो... थांबलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

त्याला आता सव्वा महिना झाला. दहाव्याला कुंडलिकेच्या काठावर जो तो हेच म्हणत होता, "मांजराच्या वेडापायी माणसाने हातातली कला घालवली." मीही मान डोलावली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठतो, एस.टी.त बसलो की मधल्याच थांब्यावर उतरावंसं वाटतं. म्हणून हे पेपरासाठी लिहितो आहे.

दत्ताराम जोहे गावातल्या माझ्या गणपतीच्या कारखान्यात वीस वर्षं मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होता. नव्वद साल उलटल्यावर त्याची बायको वारली आणि त्याचं चित्त थाऱ्यावर राहीना. दोन मूर्ती झाल्या की उठायचा, बांधावर जायचा, बिडी पेटवायचा आणि न ओढताच टाकून द्यायचा. अशात एक करडी मांजरी कुठूनशी आली आणि थेट त्याच्या मांडीवर बसली. त्याने तिचं नाव ठमी ठेवलं. कारखान्यात हशा पिकला. "अरे, बाप्पाचा उंदीर पळून जाईल ना!" "जाऊ दे, मोदक तरी वाचतील," दत्ताराम म्हणायचा. मी मात्र चिडायचो. एकदा विचारलं, "आपलंच पोट भरणं जड झालेलं असताना हे आणखी एक तोंड कशाला पाळतोस?" तो म्हणाला, "मी कुठं पाळलंय नाना? ती मांडीवर बसते, मग मला उठता येत नाय. एवढंच." मला ते आळशाचं उत्तर वाटलं... त्याच्या आखणीत पुन्हा जीव आलेला समोर दिसत असूनही.

पुढच्या आषाढात पाऊस खळेचना. शाडू वाळेना, आणि कच्च्या मूर्ती न्यायला मुंबईचा टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता. ओल्या शाडूजवळ शेगडी न्यायची नाही, हा नियम माझाच. तो मोडला म्हणून मी एका कारागिराला घरी बसवलं होतं. त्या दुपारी सगळे जेवायला गेले आणि मीच मूर्तींच्या फळीखाली शेगडी सरकवली. बघता बघता मूर्तींना तडे गेले, सोंडा गळून पडल्या. शेगडी मागच्या पडवीत लपवतोय तोच माणसं परतली. ठमी कोपऱ्यात पोत्यावर झोपली होती. "हिनं फळीवर उडी मारली," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

दत्तारामने वाकून एक सोंड उचलली. ती अजून गरम होती. तळहातावर ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला... मी आवाज चढवला. "हे मांजर इथं राहणार नाय. एक तर ती, नाहीतर तू!"

"बरं नाना," तो म्हणाला. हातातल्या मूर्तीचा राहिलेला डोळा पुरा केला, कुंचले धुतले, ठमीला मासळीच्या टोपलीत घालून वर फडकं बांधलं आणि पेणची गाडी धरली.

तो रोह्याजवळ अष्टमीला पुतण्याकडे राहिला, धाटावच्या एका कंपनीत वॉचमन झाला. कुंचला पुन्हा धरला नाही. दोन वर्षांनी मी गेलो, सांगायचंच असं ठरवून. तो शिफ्टच्या बसची वाट बघत दारात बसला होता, मांडीवर ठमी. "या नाना. ठमे, बघ गो, मालक आलं." चहा झाला. मी म्हणालो, "दत्ता, त्या दिवशी..." आणि अडलो. तो मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत होता. "यंदा ऊन बरं हाय. शेगडी लागत नाय ना, नाना?"

त्याने मला बोलायला दार उघडून दिलं होतं. मी "नाय" म्हणालो आणि चपला घातल्या. पुन्हा गेलो ते इतक्या वर्षांनी, थेट त्याच्या दहाव्याला.

दहाव्यानंतर पुतण्याची बायको म्हणाली, "नाना, ही भाकरीला तोंड लावत नाय. शिफ्टच्या बसच्या टायमाला दारात जाऊन बसते. आम्हांला बघवत नाय. तुम्ही न्या." त्याच टोपलीतून मी ठमीला जोह्याला आणलं. म्हातारी झाली आहे. कारागीर हसले, "काय नाना, हिनंच ना मूर्ती पाडल्या?" मी "हं" करून आत गेलो... तेव्हाही.

तर, ठमीने मूर्ती पाडल्या नाहीत. मी त्या शेगडीने तडकवल्या. आणि दत्तारामला ते माहीत होतं.

हे लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. आज दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, दत्तारामच्या पाटावर बसलो. ठमी आली, दोनदा गोल फिरली आणि मांडीवर बसली. आता बांधावरून माणसांचे आवाज येताहेत. पेपरात धाडण्याआधी हे त्यांना वाचून दाखवायचं आहे. मागच्या दाराने निघून जावंसं वाटतंय... पण ठमीला झोप लागली आहे, आणि मला उठता येत नाही.