फौजीचा राब

"राब भाजला का?"

फोन उचलला की पलीकडून आधी हेच यायचं. नमस्कार नाही, कसे आहात नाही. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं एसटीडी बूथ होतं, तेव्हाची गोष्ट. सिद्धगडाच्या पायथ्याचा हा माणूस सैन्यात होता, म्हणून सगळे त्याला फौजीच म्हणायचे. आफ्रिकेतल्या एका देशात यादवी पेटली होती. ती विझवायला बाकी जगाला सवड नव्हती, म्हणून शांतिसेनेतून आमचा फौजी गेला.

तुम्हाला वाटेल, युद्धभूमीवरचा माणूस काही थरारक सांगत असेल. छे! अधूनमधून एखाद्या रविवारी त्याला छावणीतून चार मिनिटं बोलायला मिळायची, आणि ती शेण, पाला आणि बांध यांतच संपायची. देश लांबचा म्हणून तो इतका ओरडायचा की फोन नसता तरी भागलं असतं. त्याची बायको सकाळपासून माझ्या बाकावर पदर सावरून बसलेली असायची.

राब म्हणजे काय, हे शहरातल्या विद्वानांसाठी सांगतो. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, सुका पाला आणि गवत थराथराने पसरायचं, वर माती घालायची आणि पेटवून द्यायचं. न भाजता पेरणं म्हणजे आमच्याकडे आंघोळ न करता पूजेला बसणं.

त्या साली त्याच्या बायकोला मलेरियाने झोपवलं. राब राहिला, रान पडीक जाणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी ती जीपमध्ये दाटीवाटीने बसून आली, रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाली, "भाजला. तुमी जिवाला जपा." मी उगाच काच पुसत राहिलो.

पुढल्या हिवाळ्यात फौजी रजेवर आला. गावाला परदेशी घड्याळांची आशा होती. त्याने आणल्या दोन हिरव्या मच्छरदाण्या. बूथवर बसून तो छावणीच्या गोष्टी सांगायचा. पत्र्याच्या खोल्या, वाळूची पोती, रबरासारखा भात. काम काय, तर दोन टोळ्यांच्या मधे उभं राहून भांडू नका म्हणायचं. बंदूक होती, पण चालवायची परवानगी नव्हती. दोन्हीकडचे त्यांच्याकडे बघून हसायचे म्हणे.

आणि तिथे या महाशयांनी राब भाजला. पाण्याच्या टाकीमागे, वाटेवरच्या गुराख्याकडून शेण मागून, पहाटे, वाऱ्याची दिशा बघून. धूर दिसताच भोंगा वाजला. अख्खी छावणी हेल्मेट चढवून खंदकात उतरली. दोन्ही टोळ्यांना वाटलं, समोरच्यांनीच छावणी पेटवली. आता आपल्यावर येईल म्हणून दोन्ही मागे सरल्या. त्या दिवशी एक गोळी सुटली नाही. शांतिसेनेचं तेवढंच यश मला माहीत आहे. यशाबद्दल फौजीला पाठीवर ओझं घेऊन मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा झाली. घरून डबीतून नेलेलं मूठभर बियाणं त्याने तरी पेरलंच. लोंब्या यायच्या आत तुकडी परत फिरली.

मी पोट धरून हसलो. मग विचारलं, पडीक रान बघून बायकोवर रागावलास का?

"नाय शेट. मला फोनवरच कळलं होतं. राब भाजला का धुरानं ती आठ दिस खोकते, दर सालाला. तवा बोलली भाजला, पण खोकली नाय." पुढे म्हणाला, "मंग बोललो, घरचा राहिला, तर यंदाचा हितं भाजू."

माझं हसू तिथेच थांबलं.

निवृत्त होऊन आल्यावर त्याने थोडीच वर्षं घरचा राब भाजला. दोन बंदुकांच्या मधे ज्याला खरचटलं नाही, त्याला इथे साध्या काविळीने नेलं. त्याच्या माघारी आमची समजूत घालायला कुठलीही शांतिसेना आली नाही. मला तो माणूस फार आवडायचा, एवढं सांगायला मी ही सगळी टिंगल केली.

आता बूथ गेलं, मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. बाक तोच आहे. तो गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, एका रविवारी, त्याची बायको आली आणि आपल्या जागेवर बसली. फोन कोणाचा येणार नव्हता. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तिने हातानेच नको म्हटलं, पदर तोंडाशी धरला आणि खोकत राहिली.