लॉरीचं इंजिन आणि अकरा लाल ठसे

मागच्या महिन्यात नेरडीगोंड्याजवळ हायवेवर गाडी पंक्चर झाली. पंक्चर काढून होईपर्यंत करायचं काय, म्हणून शेजारच्या भंगारवाल्याकडे डोकावलो... आणि जुन्या पत्र्यांच्या ढिगाखाली हे इंजिन दिसलं.

मला ओळखणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. आदिलाबादला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, पण जीव सगळा जुन्या यंत्रांत. भंगारवाले चाचा म्हणाले, "ले जाओ साब, बरसों से पड़ा है." टेम्पोतून इंजिन उतरताना बायकोनं पाहिलं आणि दाराशी ठेवलेल्या कुंड्या उचलून मागं नेल्या. याचा अर्थ लग्न झालेल्यांना कळेल.

चार सिलिंडर, पुढून हँडल मारून चालू करायची सोय, आणि वजन एवढं की उतरवताना चार माणसांना घाम फुटला. पण कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, वर ग्रीस आणि मातीचा बोटभर थर. हे बसचं, लॉरीचं की कुठल्या ट्रॅक्टरचं... मला दुसरं काही सुचेना.

रॉकेलनं पहिला थर काढला, तेव्हा इंजिनाच्या ओतीव लोखंडी ब्लॉकच्या एका बाजूला लाल ऑइलपेंटचे ठसे दिसले. लांबट, एका ओळीत, अकरा. कुणा मिस्त्रीनं रंगाचे हात पुसले असतील, असं मी ठरवून टाकलं.

हात पुसणारा माणूस असा ओळीत कशाला पुसेल, हे एकदा मनात येऊन गेलं होतं. पण मला नंबर हवा होता ना! पेंट रिमूव्हर लावला, ग्राइंडरला तारेचा ब्रश बसवला आणि एका दुपारीत ब्लॉक लख्ख करून टाकला.

नंबर त्या ठशांच्याच खाली निघाला. फोटो काढून आपल्या या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकले आणि दोन दिवसांत पत्ता लागला... स्वातंत्र्याच्या आधीच्या विलायती लॉरीचं पेट्रोल इंजिन! दुकानात येईल त्याला मी मोबाइल दाखवत सुटलो. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तेव्हा माझं कौतुक केलं होतं. त्या कॉमेंट्स आता वाचवत नाहीत.

परवा सकाळी एक मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, तलमडुगुहून बसनं आलेल्या, हातात घरच्या मळ्यातल्या वांग्यांची पिशवी. त्यांच्या भाच्यानं माझी पोस्ट त्यांना दाखवली होती.

त्यांच्या वडिलांची कापूस वाहायची जुनी लॉरी होती. लॉरी मोडल्यावर इंजिन विहिरीवर पाणी उपसायला लावलं, आणि वडील गेल्यावर भावानं ते परस्पर भंगारात देऊन टाकलं. तेव्हापासून जुनं इंजिन कुठं दिसलं असं कानावर आलं, की मावशी बघायला जातात.

इंजिन ठेवलेल्या घरामागच्या शेडमध्ये येताना त्यांनी चप्पल बाहेर काढली. इंजिनाभोवती एक फेरी मारली, मग नेमक्या त्याच बाजूला वाकून हात फिरवू लागल्या.

"इथं लाल आंगठे होते का भाऊ?" त्यांनी विचारलं. "बाबाले लिहिता येत नव्हतं. कचेरीत कागदावर आंगठा द्याचा, तसा दर दसऱ्याले पूजा झाली की इंजनवर द्याचा. म्हने, यंदाबी गाडी माह्यीच. घरात त्याइचा फोटो नाई एकबी. म्हटलं, आंगठा तरी पाहून येतो."

मी काय बोललो, माहीत आहे? "नाही मावशी, असं काही नव्हतं."

का बोललो ते सांगता येणार नाही. लाज वाटली, भीती वाटली... तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघाल्यावर शब्द मागे घ्यायची हिंमत झाली नाही.

मला वाटलं, आता त्यांचा चेहरा पडेल. पण त्या चक्क हसल्या. "मंग हे आमचं नाई. म्हंजे बाबाचं अजून कुठंतरी हाय."

वांग्यांची पिशवी बायकोच्या हातात दिली, चहा घेतला, आणि जाताना विचारलं, निर्मल गावाकडे भंगारवाले कुठे कुठे बसतात. मी त्यांना दोन ठिकाणं सांगितली. हो, तेही केलं.

त्या गेल्यावर टॉर्च घेऊन ब्लॉकचा कोपरा न् कोपरा बघितला. एखाद्या नटाखाली, सांध्यात, अर्धा तरी ठसा राहिला असेल म्हणून. काही नाही... एरवी माझं काम इतकं चोख कधी होत नाही.

साफ करायच्या आधी मी एक साधा फोटोही काढला नव्हता. ग्रीसनं माखलेलं इंजिन पोस्टवर बरं दिसणार नाही म्हणून.

ती वांगी घरात सगळ्यांनी खाल्ली, मी लोणच्याशी भाकरी खाऊन उठलो. शेवटी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "मला काय सांगता? त्यांना सांगा."

मावशींचा नंबर मी घेतला नाही, नावही विचारलं नाही. पण त्यांचा भाचा माझ्या पोस्ट वाचतो, एवढं माहीत आहे. मित्रा, हात जोडतो, ही पोस्ट त्यांना वाचून दाखव.

मावशी, ते इंजिन तुमच्या बाबांचंच आहे. अकरा अंगठे होते, एका ओळीत. मीच मोजले आणि मीच पुसले. इंजिन घेऊन जा, मला हवं ते बोला... पण आता उन्हातान्हात भंगारवाल्यांकडे शोधत फिरू नका.