मामाने न धरलेलं डोकं

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कोलाडला हॉटेलात चहा पीत होतो. चहा संपवला, मगच उठलो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात... मला ते जमणार नाही.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, रोह्यातला डॉक्टर. चक्कर ओळखावी तर त्यानेच, असं धाटावच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांपासून पेणच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळे म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. घर गरगरतंय, ओकाऱ्या थांबत नाहीत, अशा माणसाच्या खाटेवर बसून तो दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरायचा, माझ्या नाकाकडे बघ म्हणायचा आणि डोकं एकदम झटक्याने वळवायचा. नजर निसटून परत नाकावर आली, तर कानातली तोल सांभाळणारी नस दुखावलेली. माणूस घरीच बरा व्हायचा. नजर नाकावर घट्ट राहिली, तर मात्र मामाचा चेहरा उतरायचा. बिघाड कानात नाही, मेंदूत आहे, आत्ताच्या आत्ता मुंबईला न्या, असं सांगायचा. हे त्यानेच मला शिकवलं, मोठ्या तोऱ्यात. माझे वडील गडब गावचे शेतकरी. त्यांना त्याने कधी खिजगणतीत धरलं नाही.

नव्वदनंतरच्या एका सुगीत वडील भात झोडताना भोवंडून पडले. हातपाय गार, सारख्या ओकाऱ्या. आमच्याकडे करतात तशी आईने त्यांच्या तळपायांना दारू चोळली आणि मामाला बोलावणं धाडलं. तो आला, आणि दारातच त्याने नाकाला रुमाल लावला.

"दादा, मी पायांना चोळलीय. यांनी थेंब नाय घेतला," आई म्हणाली.

"झाकू नको गो. झोपू दे, उतरेल."

एकदा डोकं धरून तरी बघ, असं मी विनवलं. तो उंबऱ्यावरूनच परतला. परक्यांच्या ओकाऱ्यांत बसणारा हा माणूस, बहिणीच्या नवऱ्याच्या खाटेपाशी त्याला येववलं नाही... दुसऱ्या दिवशी वडिलांची शुद्ध हरपली तेव्हा आम्हीच त्यांना मुंबईला नेलं. लहान मेंदूत रक्ताची गुठळी अडकलेली, फार उशीर केलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. वडील तिथेच गेले. मामाने पुढे त्याबद्दल आईपाशी चकार शब्द काढला नाही. मला त्याचा तेव्हा राग होता, तो मेल्यावरही आहे.

मामाच्या दहाव्याला कुंडलिकेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. दवाखाना चालू ठेवू, मामीला सांभाळू, सगळी वचनं देऊन झाली. मग मामाचा मुलगा माझ्याजवळ आला.

"बाबा शेवटी शेवटी तुझ्या वडिलांचंच नाव घ्यायचे," तो हळू म्हणाला. "माफ केलं म्हण, दादा. नुसतं म्हण."

सगळे माझ्याकडे बघत होते. कावळे पलीकडच्या झाडावर बसून होते. मी तोंड उघडलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला.